उत्पादनाची वाढ आणि कार्बनाची फारकत : सिमेंटच्या भट्टीवरून एक अभ्यास

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादा देश औद्योगिक दृष्ट्या किती पुढारलेला आहे हे ठरविण्याची पूर्वी एक सोपी रीत होती. त्या देशात दरसाल किती कोळसा जळतो एवढे पाहिले की तेथील कारखानदारीचा अंदाज बांधता येई. अधिक कोळसा म्हणजे अधिक वाफ, अधिक लोखंड आणि अधिक कापड, असे ते समीकरण होते. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या भागात ते बहुतांशी खरेही ठरले.

परंतु कोळसा जळतो तेव्हा त्यातील कार्बनाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन कार्बन डायॉक्साइड वायू निर्माण होतो. हा वायू डोळ्यांना दिसत नाही व त्यास वासही नाही. पृथ्वीच्या पृष्ठभागावरून अवकाशाकडे जाणारी उष्णता मात्र तो काही अंशी अडवून धरतो. हवाई बेटांतील मौना लोआ येथील वेधशाळेत १९५८ पासून हवेतील ह्या वायूचे नियमित मापन चालू आहे. त्या वर्षी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते; आता ते ४२० हून अधिक झाले आहेत. हवेत गेलेल्या ह्या वायूचा मोठा अंश शेकडो वर्षे तेथेच राहतो. म्हणून त्याचा साठा वर्षानुवर्षे वाढत जातो आणि त्याबरोबर पृथ्वीचे सरासरी तपमानही वाढते.

अशा स्थितीत कारखानदारीपुढे एक कठीण प्रश्न उभा राहतो. घरे, रस्ते, धरणे, शाळा व रुग्णालये यांची गरज संपलेली नाही. भारतात दरमाणशी सिमेंटचा वापर आजही जगाच्या सरासरीहून बराच कमी आहे. तेव्हा उत्पादन थांबवा, असे सांगून हा प्रश्न सुटण्यासारखा नाही. उत्पादन वाढत असतानाच त्याच्याशी जखडलेला ऊर्जेचा खर्च व कार्बनाचा भार त्यापासून सोडविता येईल काय, हा खरा प्रश्न आहे. ह्या सोडवणुकीस प्रस्तुत पाठात ‘फारकत’ असे म्हटले आहे. ती कितपत साधते आणि कोठे अडते हे सिमेंटच्या उद्योगात विशेष स्पष्टपणे दिसते.

२. दोन प्रकारची फारकत

एका कारखान्यात दर टन मालामागे १ टन कार्बन डायॉक्साइड बाहेर पडतो असे समजू. यंत्रे सुधारल्यावर हे प्रमाण ०.८ टनावर आले. ही सुधारणा खरी आहे. तथापि त्याच काळात कारखान्याचे उत्पादन दुप्पट झाले असेल, तर पूर्वी जेथे १ भाग वायू बाहेर पडत असे तेथे आता १.६ भाग पडू लागेल. दर टनामागील प्रमाण घटले. एकूण बेरीज मात्र वाढली. ह्यास सापेक्ष फारकत म्हणतात. उत्पादन वाढत असता एकूण बेरीजच घटू लागली, तर ती निरपेक्ष फारकत होय.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. उत्पादन दरसाल ६ टक्क्यांनी वाढत आहे आणि दर टनामागील कार्बन दरसाल २ टक्क्यांनी घटत आहे, असे धरले तर एकूण कार्बन दरसाल सुमारे ३.९ टक्क्यांनी वाढतच राहतो व अठरा वर्षांत दुप्पट होतो. बेरीज आहे तेथेच रोखून धरावयाची असेल, तर दर टनामागील प्रमाण दरसाल सुमारे ५.७ टक्क्यांनी घटले पाहिजे. आणि बेरीज कमी करावयाची असेल तर त्याहूनही वेगाने. हवेस गुणोत्तर कळत नाही. तिच्यात किती टन वायू गेला एवढेच तिच्या लेखी मोजले जाते.

३. जुना इशारा

काटकसरीने एकूण वापर आपोआप घटत नाही, हे कोळशाच्या बाबतीत फार पूर्वीच लक्षात आले होते. जेम्स वॉट याने १७६९ मध्ये वाफेच्या एंजिनासाठी स्वतंत्र संघनकाचे एकस्व घेतले. न्यूकोमेनच्या जुन्या एंजिनापेक्षा ह्या एंजिनास तेवढ्याच कामासाठी पुष्कळ कमी कोळसा लागे. वॉट व त्याचा भागीदार बोल्टन हे आपल्या एंजिनाचा मोबदलासुद्धा वाचलेल्या कोळशाच्या किमतीच्या एकतृतीयांश, असा ठरवीत असत. इतकी ती बचत निश्चित होती.

तरीही ब्रिटनमधील कोळशाचा खप घटला नाही. १८०० च्या सुमारास तेथे वर्षाला एक ते दीड कोटी टन कोळसा निघत होता. १९१३ मध्ये हा आकडा २८ कोटी टनांच्या वर गेला. वाफेची शक्ती स्वस्त झाल्यामुळे जेथे ती पूर्वी परवडत नव्हती तेथेही ती वापरली जाऊ लागली. विल्यम स्टॅनली जेव्हन्स ह्या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहून हेच दाखवून दिले, की इंधन काटकसरीने वापरले म्हणजे त्याचा एकूण वापर कमी होतो, ही समजूत चुकीची आहे. काटकसर निरुपयोगी आहे असा ह्याचा अर्थ नव्हे. ती एकटी पुरेशी नाही, एवढाच ह्याचा अर्थ.

४. सिमेंटच्या भट्टीत काय घडते

सिमेंटचा मुख्य कच्चा माल म्हणजे चुनखडी व माती. ह्यांचे बारीक पीठ करून ते एका लांब, किंचित उतरत्या व सावकाश फिरणाऱ्या नळकांड्यासारख्या भट्टीत तापवितात. तेथे माल सुमारे १,४५० अंश सेल्सिअस तपमानापर्यंत पोहोचतो व त्याचे करड्या रंगाचे कठीण गोळे बनतात. ह्या गोळ्यांना क्लिंकर म्हणतात. क्लिंकरात थोडे जिप्सम घालून ते दळले म्हणजे साधे पोर्टलंड सिमेंट तयार होते.

ह्या क्रियेत कार्बन डायॉक्साइड दोन वाटांनी बाहेर पडतो. पहिली वाट इंधनाची. कोळसा जाळून १,००० किलोकॅलरी उष्णता मिळविली की सुमारे ०.४ किलोग्रॅम कार्बन डायॉक्साइड निर्माण होतो. दुसरी वाट प्रत्यक्ष चुनखडीची. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती तापविली म्हणजे तिचे विघटन होऊन चुना व कार्बन डायॉक्साइड हे दोन पदार्थ मिळतात. शुद्ध चुनखडीच्या १०० भागांतून ५६ भाग चुना उरतो आणि ४४ भाग वायू उडून जातो. क्लिंकरात सुमारे ६५ टक्के चुना असतो. त्यावरून हिशेब केला असता १ किलोग्रॅम क्लिंकरामागे केवळ चुनखडीतून ०.५१ किलोग्रॅम वायू बाहेर पडतो असे दिसते. भट्टी कोळशावर तापवा, विजेवर तापवा किंवा सूर्याच्या उष्णतेवर तापवा. चुनखडीचा चुना करावयाचा म्हटले की हा आकडा टळत नाही. तो यंत्राचा दोष नसून रसायनाचा नियम आहे.

जगातील मानवनिर्मित कार्बन डायॉक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे, त्याचे कारण ह्या दुहेरी वाटेत सापडते.

५. इंधनाची बचत

१९६० च्या सुमारास भारतातील बहुतेक सर्व सिमेंट ओल्या पद्धतीने तयार होत असे. ह्या पद्धतीत कच्चा माल पाण्यात कालवून त्याची राब करीत व ती भट्टीत सोडीत. मिसळण चांगली होई. परंतु ते सगळे पाणी भट्टीतच आटवावे लागे. त्यामुळे १ किलोग्रॅम क्लिंकरामागे सुमारे १,४०० किलोकॅलरी उष्णता खर्च होत असे.

कोरड्या पद्धतीत पाणी घालीतच नाहीत. भट्टीतून बाहेर पडणारे तप्त वायू एकावर एक रचलेल्या पाच-सहा शंक्वाकृती पात्रांतून वर नेतात आणि कोरडे पीठ वरून खाली सोडतात. पीठाचा कण न् कण तप्त वायूत तरंगत असल्यामुळे क्षणार्धात तापतो. पीठ भट्टीच्या तोंडाशी येईपर्यंत चुनखडीचे बरेचसे विघटन होऊन गेलेले असते. ह्या रचनेमुळे चांगल्या भारतीय कारखान्यांत उष्णतेचा खर्च ७५० किलोकॅलरी किंवा त्याहूनही कमी झाला आहे. १९८२ मध्ये सिमेंटवरील किंमत-नियंत्रण अंशतः उठले व १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. त्या सुमारास जे नवे कारखाने उभे राहिले ते कोरड्या पद्धतीचेच होते. आज ओली पद्धत जवळजवळ नाहीशी झाली आहे.

आता हिशेब पाहावा. ओल्या पद्धतीत इंधनाचा वायू ०.५६ व चुनखडीचा ०.५१, मिळून १.०७ किलोग्रॅम. कोरड्या पद्धतीत इंधनाचा ०.३० व चुनखडीचा ०.५१, मिळून ०.८१ किलोग्रॅम. इंधनाचा खर्च जवळजवळ निम्मा झाला. कार्बनाचा भार मात्र चतुर्थांशानेच घटला. ऊर्जेपासूनची फारकत आणि कार्बनापासूनची फारकत ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट होते.

शिवाय इंधनाच्या बचतीसही तळ आहे. क्लिंकर बनण्याची रासायनिक क्रिया घडविण्यास किमान सुमारे ४२० किलोकॅलरी लागतातच. बाहेर जाणारा वायू, भट्टीचे तापलेले कवच आणि गरम क्लिंकर यांतून काही उष्णता निसटणारच. १,४०० वरून ७५० वर येणे जितके साधले, तितके ७५० वरून आणखी खाली जाणे साधणार नाही. निसटणाऱ्या वायूंचे तपमान ३०० अंशांच्या आसपास असते. त्यांवर वाफ करून वीज निर्माण करण्याची संयंत्रे आता अनेक कारखान्यांनी बसविली आहेत. ही उरलीसुरली उष्णता वेचण्याची वाट होय.

६. क्लिंकरची बचत

चुनखडीतून निघणारा वायू टाळावयाचा असेल तर एकच सरळ उपाय आहे : सिमेंटमध्ये क्लिंकरच कमी घालावयाचा. साध्या सिमेंटमध्ये सुमारे ९५ टक्के क्लिंकर असतो. त्यापैकी काही भागाच्या जागी दुसरा योग्य पदार्थ घालता येतो.

असा एक पदार्थ म्हणजे औष्णिक वीज केंद्रांतील उडती राख. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बरेच, अनेकदा ३० टक्क्यांहून अधिक असते. ह्या राखेचे ढीग वीज केंद्रांभोवती साचत गेले व १९९९ मध्ये केंद्र शासनाने तिचा उपयोग करण्याविषयी अधिसूचना काढली. राखेतील सिलिका क्लिंकरातून सुटणाऱ्या चुन्याशी सावकाश संयोग पावते व सिमेंटसारखेच बंधन निर्माण करते. भारतीय मानकानुसार अशा सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत राख घालता येते. लोखंडाच्या झोतभट्टीतील मळीही अशीच उपयोगी पडते व तिचे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत नेता येते.

कोरड्या पद्धतीचा क्लिंकर वापरला असता साध्या सिमेंटच्या १ किलोग्रॅममागे ०.७७ किलोग्रॅम वायू पडतो. ३० टक्के राख घातली की हा आकडा ०.५३ वर येतो; निम्मी मळी घातली की ०.३६ वर. भट्टी बदलण्यास प्रचंड भांडवल लागले. राख घालण्यास त्या मानाने फारच थोडे. तरीही राखेने साधलेली घट भट्टीने साधलेल्या घटीच्या तोडीची आहे.

७. एकूण बेरीज

१९५०-५१ मध्ये भारतात सुमारे २७ लाख टन सिमेंट तयार झाले. अलीकडच्या वर्षांत हे उत्पादन ४० कोटी टनांच्या वर गेले आहे. म्हणजे ते सुमारे दीडशेपट झाले. ओल्या पद्धतीच्या साध्या सिमेंटमागे त्या काळी टनास सुमारे १ टन कार्बन डायॉक्साइड पडत होता. आज निरनिराळ्या प्रकारच्या सिमेंटची सरासरी धरली तर तो ०.६ टनाच्या आसपास येतो.

ह्या आकड्यांकडे दोन दिशांनी पाहता येते. जुनीच पद्धत चालू राहिली असती तर ४० कोटी टन सिमेंटमागे ४० कोटी टनांहून अधिक वायू हवेत गेला असता. प्रत्यक्षात तो सुमारे २४ कोटी टन जातो. वर्षाकाठी वाचलेला हा वायू लहान नव्हे, आणि तंत्रज्ञ व कामगार यांच्या परिश्रमाचेच ते फळ आहे. परंतु १९५०-५१ शी तुलना केली तर एकूण बेरीज सुमारे नव्वदपट झाली आहे. सापेक्ष फारकत भरघोस साधली. निरपेक्ष फारकत साधलेली नाही.

राष्ट्राच्या पातळीवरही चित्र असेच आहे. ऊर्जा बचतीसाठी २०१२ ते २०१५ या काळात केंद्र शासनाने आठ उद्योगांतील ४७८ मोठ्या ग्राहकांना लक्ष्ये ठरवून दिली. त्यातून सुमारे ८६.७ लाख टन खनिज तेलाइतकी ऊर्जा वाचली. तथापि ही लक्ष्ये दर टन मालामागील ऊर्जेची होती, एकूण ऊर्जेची नव्हती. २००५ ते २०२० या काळात राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागील उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटले आणि २०३० पर्यंत ही घट ४५ टक्क्यांवर नेण्याचे भारताने २०२२ मध्ये जाहीर केले. हेही गुणोत्तरच आहे. वाढत्या देशाने आरंभी गुणोत्तरावर भर द्यावा यात गैर काही नाही. परंतु २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा संकल्प २०२१ मध्ये सोडलेला आहे आणि शून्य हे गुणोत्तर नव्हे. ती बेरीज आहे.

८. बेरीज घटते काय?

काही देशांत ती घटली आहे. ब्रिटनमधील हरितगृह वायूंचे उत्सर्जन १९९० च्या मानाने २०२३ पर्यंत निम्म्यावर आले. तेथील अर्थव्यवस्था मात्र त्याच काळात दीडपटीहून मोठी झाली. विजेसाठी कोळशाऐवजी प्रथम नैसर्गिक वायू व पुढे वारा वापरला गेला, हे त्याचे प्रमुख कारण होय. ज्या देशात वाफेचे युग सुरू झाले तेथील कोळशावरील शेवटचे वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले.

मात्र ह्या उदाहरणाचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. त्या काळात ब्रिटनमधील काही अवजड कारखानदारी बंद पडली व तो माल इतर देशांतून येऊ लागला. तो माल बनविताना निघालेला वायू निर्यात करणाऱ्या देशाच्या खाती मोजला जातो. वापरलेल्या मालाच्या हिशेबाने पाहिले तर ब्रिटनमधील घट खरी असली तरी बरीच लहान ठरते. सिमेंट जड व स्वस्त असल्यामुळे बहुधा जेथे वापरावयाचे तेथेच बनवावे लागते. भारताला आपल्या सिमेंटचा भार दुसऱ्याच्या खाती टाकता येणार नाही. तो आपल्याच भट्टीत कमी करावा लागेल.

९. पुढील वाट

येथे एक अडचण उभी राहते. उडती राख कोळशाच्या वीज केंद्रांतून येते व मळी कोळशावरील झोतभट्ट्यांतून. देश जसजसा कोळसा सोडील तसतशी राख व मळीही दुर्मिळ होईल. एका उद्योगाच्या उच्छिष्टावर दुसऱ्याची सुधारणा कायमची टिकत नाही.

ह्यावर एक उपाय भाजलेल्या मातीचा आहे. विशिष्ट प्रकारची पांढरी माती ७०० ते ८५० अंशांवर भाजली म्हणजे ती राखेप्रमाणेच चुन्याशी संयोग पावते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठ, क्यूबातील संशोधक व भारतीय तंत्रज्ञान संस्था यांनी मिळून अशी माती व न भाजलेली चुनखडी क्लिंकरात मिसळून सिमेंट सिद्ध केले. त्यात क्लिंकर निम्माच असतो. माती भाजण्याचे इंधन धरूनही साध्या सिमेंटपेक्षा त्याचा कार्बनभार ३० ते ४० टक्क्यांनी कमी भरतो. २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्याचे मानकही प्रसिद्ध केले. ह्या कल्पनेचे मूळ भारतीयांस अपरिचित नाही. विटांची भुकटी म्हणजे सुरखी चुन्यात मिसळून बांधकाम करण्याची रीत येथे जुनीच आहे. १८९५ मध्ये पूर्ण झालेले मुल्लपेरियार धरण चुना व सुरखी यांतच बांधलेले आहे.

दुसरी वाट विजेची. एक टन सिमेंट दळण्यासकट तयार करण्यास सुमारे ७५ युनिट वीज लागते. कोळशाचे प्राबल्य असलेल्या आजच्या वीजजाळ्यातून ती घेतली तर आणखी ५० किलोग्रॅम वायूचा भार पडतो. ही वीज सूर्य, वारा व पाणी यांपासून मिळाली की हा भार जातो.

तिसरी वाट अटळ वायू पकडण्याची. नॉर्वेमधील ब्रेविक येथील सिमेंट कारखान्यात जून २०२५ मध्ये असे संयंत्र अधिकृतपणे सुरू झाले. वर्षाला सुमारे ४ लाख टन, म्हणजे त्या कारखान्याचा जवळपास निम्मा वायू पकडून समुद्रतळाखालील खडकांत साठविण्याची त्याची योजना आहे. परंतु ह्या कामास पुन्हा ऊर्जा व भांडवल लागते. म्हणून जो वायू अन्य उपायांनी टळत नाही त्याच्यासाठीच ही वाट राखून ठेवणे इष्ट.

चौथी वाट सर्वांत साधी व सर्वांत दुर्लक्षित आहे. आवश्यक तेवढेच काँक्रीट वापरणारा आराखडा, त्यास पुरेसे दिवस पाणी मारण्याची दक्षता, वेळच्या वेळी डागडुजी आणि पडझड होण्यापूर्वी केलेली मजबुती ह्यांनी तेवढ्याच सिमेंटमध्ये अधिक लोकांचा निवारा होतो. तीस वर्षांत पाडावी लागणारी इमारत साठ वर्षे टिकली, तर तेथील सिमेंटची गरज निम्मी होते. ही बचत कारखान्याच्या दाराबाहेर, गवंड्याच्या व अभियंत्याच्या हाती आहे.

१०. सारांश

उद्योगाची वाढ आणि कार्बन यांची फारकत होऊ शकते. परंतु ती आपोआप होत नाही. काटकसरीची यंत्रे पहिली मजल मारतात व मग रसायनाच्या तळाशी जाऊन थांबतात. पुढची मजल मालाचे स्वरूप बदलून, ऊर्जेचा उगम बदलून व माल जपून वापरून गाठावी लागते. ह्या सर्व वाटचालीत प्रत्येक अहवालातील दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची सवय लागली पाहिजे : दर टनामागील प्रमाण आणि वर्षाची एकूण बेरीज. पहिला आकडा तंत्रज्ञाची प्रगती सांगतो, दुसरा हवेची स्थिती सांगतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एका कारखान्यात दर टन सिमेंटमागे ०.७७ टन वायू पडतो. क्लिंकरचे प्रमाण ९५ वरून ६५ टक्क्यांवर आणले व त्याच वेळी उत्पादन दीडपट केले, तर एकूण वायू वाढेल की घटेल? किती?

२. भट्टीस लागणारी सर्व उष्णता कार्बनरहित साधनांनी मिळविली, तरी १ टन क्लिंकरामागे किती वायू बाहेर पडेल व का?

३. आपल्या परिसरातील एखाद्या बांधकामावर कोणत्या प्रकारचे सिमेंट वापरतात हे पोत्यावरील मजकूर वाचून पाहावे आणि त्यात राख किंवा मळी आहे काय याची नोंद करावी.